वाघ, कावळा आणि ह्यांची तिसरी परीक्षा

मोहाच्या दिवसांत झाडाखालची फुलं वेचलीत कधी? सकाळी टोपलीभर वेचून घरी ओतून यावं, तर खाली पुन्हा तेवढाच सडा! जंगल खात्याच्या क्वार्टर्समधल्या गोष्टींचं असंच असतं. एक सांगून पदर झटकून उठावं, तर दुसरी पायाशी पडलेलीच. मी आपली उपासतापास करणारी साधी बाई. पण कुणी "वहिनी, सांगा ना एखादा किस्सा," म्हटलं, की तोंडी येतात ते ह्यांच्या तिसऱ्या परीक्षेच्या वर्षाचेच.

गडचिरोली जिल्हा तेव्हा नवा-नवा झाला होता. कुरखेड्याहून बरंच आत, जंगलात, ह्यांची वनपाल म्हणून पोस्टिंग. चार कौलारू क्वार्टर्स, पलीकडे रेस्ट हाऊस आणि मधे एक ऐसपैस ओटा. त्या ओट्यावर आम्हा तिघींची बैठक. एक मी. दुसऱ्या रत्नमालाबाई, गावच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण. त्यांच्या घरी बुद्धाची मूर्ती, आणि जिभेला धार. तिसऱ्या जमनाबाई, रेस्ट हाऊसच्या चौकीदाराची बायको. त्या तिथल्याच, गोंडांच्या. जंगल म्हणजे त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही.

गावची शाळा सातवीपर्यंत. आमची मंगला सातवीत. पुढं काय? हे खात्याची परीक्षा पास झाले तर बढती मिळून सावली गावाला बदली होणार होती, तिथं हायस्कूल. नापास झाले तर आम्ही इथंच, आणि मंगला चुलीपाशी. हे दोनदा नापास झालेले. तिसरी संधी शेवटची.

माझा जीव त्या वर्षी थाऱ्यावर म्हणून नव्हता. घासलेली भांडी पुन्हा घासायची. देवापुढची समई लावून झाल्यावर ती लावली का, हे पाहायला पुन्हा जायचं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, असते तर थोडा धीर होता. मंगला लहान असताना पावसाळ्यात तिला खांद्यावर घेऊन नाला ओलांडायचे अन् शाळेत सोडायचे. "माझी नात मॅट्रिक होणार," असं वाटेत भेटेल त्याला सांगायचे. पण ते जाऊन दोन वर्षं झाली होती.

*

दुसऱ्या खेपेला हे नापास झाले ते एका प्रश्नापायी. 'एकमेकांशी नातं नसलेले कोणतेही दोन प्राणी घ्या आणि त्यांचं वर्गीकरण व संरक्षणाचा दर्जा यांची तुलना करा.' ह्यांनी घेतले वाघ आणि बिबट्या! पानं भरभरून लिहिलं. घरी येऊन मला उत्साहानं सांगितलं. मी म्हटलं, "अहो, पण ते तर चुलतभाऊच ना?"

हे जे खाटेवर बसले ते जेवायला उठेनात.

म्हणून तिसऱ्या खेपेला रत्नमालाबाईंनी नियमच काढला. ओट्याजवळून जो कोणी जाईल त्यानं ह्यांना दोन प्राणी द्यायचे आणि ह्यांनी तिथल्या तिथं तुलना करायची. कुळ सांगायचं, शेड्यूल सांगायचं. शेड्यूल म्हणजे वन्यजीव कायद्याच्या अनुसूच्या. पहिलीत वाघासारखे, ज्यांना हात लावला तर तुरुंग. पाचवीत सगळे उपद्रवी, ज्यांना मारलं तरी कोणी विचारत नाही.

गावाला तो खेळच झाला. बाजाराला निघालेला माणूस लांबूनच ओरडायचा, "भाऊ, मोर आन खेकडा!" की हे सायकल थांबवून, एक पाय पॅडलवर ठेवून सुरू. "अस्वल आन मधमाशी!" की पुन्हा सुरू.

एकदा जमनाबाई म्हणाल्या, "भाऊ, सासू अन् सून!"

हे हसले. "नातं नसलेले पाहिजेत, जमनाबाई. ह्या तर एका घरातल्या."

"घर एक हाय, भाऊ. शेड्यूल येगळं! सासू पह्यल्यातली, तिले हात लावता येत नाई. सून पाचव्यातली, कोनीबी मारा!"

*

सकाळी मी पूजेला बसायची तेव्हा बाहेर ह्यांचं पाठांतर चालायचं. "सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती!" अगदी आरतीच्या चालीवर. माझी आरती चुकायची आणि त्यात 'संघ, वर्ग' यायचं.

एका सकाळी ओट्यावर आम्ही तिघी चिंच फोडत होतो. रत्नमालाबाईंचा हात थांबला.

"भाऊ, पुन्हा म्हना बरं. जात कुठी येते?"

"सगळ्यात शेवटी."

"पाहा! जनावरात जात शेवटी येते. आपल्या इथी पह्यले जात विचारते, मंग पानी देते!"

सगळे हसले. मी जरा उशिरा हसले.

जमनाबाईंचं लक्ष मात्र कुळावर अडलं होतं. "वाघ अन् मांजर एकाच कुळातले म्हनता?"

"हो. मार्जार कुल."

"मंग त्यायचं लगन नाई जमत."

आता ह्यांना हे शास्त्रीय वाटेना. पण जमनाबाईंनी समजावून सांगितलं. त्यांच्यात घराण्याचे देव मोजतात. कोणी चार देवांचे, कोणी सहा, कोणी सात. सहा देववाल्यांची पोरगी सहा देववाल्यांत देत नाहीत, कारण ते सगळे भाऊबंद. "अन् तुमी गेल्या टायमाले पेपरात वाघ अन् बिबट्याचंच जमवलं! एका देवाचे दोघं! फेल नाई करन तर काय करन तो साहेब?"

दोन वर्षं ह्यांना जी चूक कुणाला समजावून सांगता येत नव्हती, ती त्या दिवशी अख्ख्या गावाला कळली.

चिंच भरून उठता-उठता रत्नमालाबाई सहज म्हणाल्या, "वहिनी, परीक्षेचं भाऊ पाहतीन. पन मंगलाले काऊन टांगनीवर ठेवता? माझी बहीन सावलीले राह्यते. हायस्कूल समोरच हाय. राहीन तिच्याकडं."

मी म्हटलं, "बघू."

आमच्या घरी सोवळंओवळं, माझी व्रतं, ह्यांच्या नागपूरच्या आत्याबाईंच्या चौकश्या. हो म्हणवेना, नाही म्हणवेना. त्या "बघा" म्हणाल्या अन् चिंचोके झाडायला लागल्या. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना. रात्री कूस बदलली की 'बघू', सकाळी रांगोळीचं बोट टेकलं की 'बघू'.

*

वटपौर्णिमेचा किस्सा. नाल्याकाठच्या वडाला दोरा गुंडाळून मी परत आले, कोरडा उपास, तोंडाला कोरड. ओट्यावर ह्या दोघी बसून एक नवीन प्राणी कोणत्या शेड्यूलात घालावा यावर वाद घालत होत्या. प्राणी म्हणजे नवरा!

"माझा दुर्मिळ हाय," जमनाबाई म्हणाल्या. "जेवाच्या टायमालेच दिसते."

"माझा निशाचर," रत्नमालाबाई. "दिवसभर झोपते, रात्री रेडिओ लावते. पाचव्यात टाका त्याले, उपद्रवी!"

मग दोघी माझ्याकडं वळल्या. "वहिनी, भाऊ कोनत्यात?"

मी कानावर हात ठेवले. "अगं बाई, आत्ता सात जन्म मागून आले मी. मी कशी ह्यांना शेड्यूलात घालू?"

"सात जन्म!" रत्नमालाबाईंनी कपाळावर हात मारला. "वाघाले एका जन्माचं संरक्षन नाई होत सरकारकडून. अन् ह्या प्राण्याले सात जन्माचं, तेही उपाशी राहून!"

*

ह्यांचं गाईड पार फाटलं होतं. म्हणून मी गव्हाच्या पिठाची छान खळ केली आणि पानन् पान चिकटवून दिलं. सकाळी पाहते तर उंदरानं पुस्तक कुरतडलेलं! खळीच्या वासानं आला असणार. नेमकं पाचव्या अनुसूचीचं पान गायब.

रत्नमालाबाई बघायला आल्या. "काय होतं त्या पानावर?"

हे आठवून म्हणाले, "उपद्रवी प्राणी. उंदीर, घूस, वटवाघूळ, कावळा."

"मंग बराबर हाय. पुरावा मिटवला त्यानं!"

सगळे हसत होते, माझी नजर मात्र देव्हाऱ्याकडं गेली. उंदीर उपद्रवी? त्या दिवशी नेमकी संकष्टी होती. ज्याच्या वाहनाला सरकार मारायला सांगतं, त्या देवाकडं मी नवरा पास व्हावा म्हणून दर महिन्याला चंद्राची वाट बघत बसते! बरं, कावळासुद्धा? पितृपक्षात ज्याच्यासाठी आपण ताटकळतो, तो?

मी ह्यांना म्हटलं, "अहो, ही यादी करणाऱ्यांना आईबाप नव्हते का?"

हे म्हणाले, "त्यांच्याकडं कावळे भरपूर असतील."

खरं होतं ते. कावळा माणसांच्या गर्दीमागे राहतो. आमच्याकडं गर्दी नव्हती, म्हणून कावळा औषधालाही सापडत नसे. कायद्यात वाघ दुर्मिळ आणि कावळा उदंड. आमच्या ओट्यावरून पाहिलं तर नेमकं उलटं!

*

वाघाचंही सांगते. श्रावणातल्या सोमवारी मी दिवेलागणीपर्यंत मौन धरायची. असाच एक सोमवार. ऊन उतरलेलं. हे अंगणाच्या कडेला, जंगलाकडं पाठ करून, पुस्तक मिटून पाठ म्हणत होते. "वाघ. वर्ग स्तनी. गण मांसाहारी. कुल..."

मी तुळशीपाशी. सहज मान वर केली तर ह्यांच्या मागे, कुंपणापलीकडे, साक्षात उभा! पट्टे, मिशा, सगळं.

ओरडायचं कसं? मौन! मी दोन्ही हात उंचावले. ह्यांना वाटलं, चहाला बोलावते. "थांब, एवढं होऊ दे." मी बोटांनी मिशा दाखवल्या. पंजा करून दाखवला. ह्यांचा चेहरा एकदम उजळला.

"हां, मार्जार! मार्जार कुल! बरोबर, विसरत होतो बघ!"

आता मात्र मी पूजेची पितळी थाळी उचलली आणि पळीनं अशी बडवली की काय सांगू! हे वळले. त्यांनी त्याला पाहिलं, त्यानं ह्यांना पाहिलं. मग तो आला तसा सावकाश निघून गेला. मौन मोडलं नाही, एवढं मात्र देवानं राखलं.

जमनाबाई ह्यांच्यावरच रागावल्या. "रोज त्याचं नाव घेऊन बोलावून राह्यले, मंग येनारच ना तो! जंगलात त्याचं नाव घेत नाई, भाऊ. मोठा म्हना."

तेव्हापासून हे पाठांतरातही 'मोठा'च म्हणायला लागले. "मोठा. वर्ग स्तनी. गण मांसाहारी." माझ्या जिवाला नवीन घोर. सवय लागली अन् परीक्षेतही तेच म्हटलं तर?

*

लेखी पेपर कुरखेड्याला झाला. बरा गेला, असं हे म्हणाले. मागच्या दोन्ही वेळेलाही असंच म्हणाले होते. तोंडी परीक्षा मात्र आमच्याच रेस्ट हाऊसला ठरली. मोठे साहेब दौऱ्यावर येणार, तिथंच आसपासच्या वनपालांना विचारणार. आणि दिवस कोणता? पितृपक्षातली मामंजींची तिथी!

सकाळपासून हे चुरगळलेल्या कपड्यांना पुन्हा-पुन्हा इस्त्री करत होते, आणि मी रेस्ट हाऊसच्या मागच्या स्वयंपाकखोलीत. साहेबांचं जेवण आणि श्राद्धाचं जेवण एकाच चुलीवर. वडे, खीर, कढी, भोपळ्याची भाजी. मदतीला ह्या दोघी. रत्नमालाबाईंनी सुट्टी घेतली होती. "मी श्राद्ध मानत नाई, वहिनी. पन वडे मानते," म्हणाल्या.

पुढच्या व्हरांड्यात साहेब टेबल टाकून बसलेले. करडे केस, बोलणं मोजकं, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. एकेक वनपाल जात होता आणि पडल्या चेहऱ्यानं परत येत होता. ह्यांचा नंबर शेवटचा.

मी पळसाच्या पानावर सगळं वाढून स्वयंपाकखोलीच्या छपरावर ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवणार नव्हतं. हात जोडून उभी राहिले. कावळा नाही. "काव, काव," हाक मारली. नाही. आत जाऊन कढी ढवळली, पुन्हा बाहेर. नाही. व्हरांड्याच्या खांबाआडून पाहिलं, ह्यांना बोलावलं होतं. हे खुर्चीच्या टोकावर बसले होते. मी पुन्हा छपराखाली. "काव, काव!"

जमनाबाईंनी उपाय सुचवला. "बाई, माशाचं डोस्कं टाका. जंगलातला एखादा डोमकावळा असन तर येईन."

"अगं, श्राद्धाच्या पानावर मासा?"

"मंग बसा बोंबलत!"

मी बोंबललेच. "काऽव! काऽव!" आवाज जरा जास्तच गेला. व्हरांड्यातला प्रश्न अर्ध्यावर राहिला. मग साहेबांचा आवाज आला.

"हा कोण ओरडतोय?"

"घरातले आहेत, साहेब," हे म्हणाले.

"अच्छा. बरं, तुम्ही मला सांगा. वाघ आणि कावळा. वर्गीकरण आणि संरक्षणाचा दर्जा. करा तुलना."

माझ्याच ओरडण्यातून निघालेला प्रश्न! पण ह्यांनी सुरुवात छान केली. दोघांनाही पाठीचा कणा, तिथपर्यंत सोबत. पुढे वाटा वेगळ्या. "एक स्तनी, दुसरा पक्षी. एक मार्जार कुळातला, दुसरा काक कुळातला, साहेब." आवाजही कापत नव्हता. "पहिला पहिल्या अनुसूचीत. आणि कावळा..."

हे थांबले. इथूनच मला दिसत होतं, त्यांची नजर छपरावरच्या पानावर गेली.

"कावळा?" साहेबांनी पेन उचललं.

'पाचवी' एवढाच शब्द. मंगलाची शाळा त्या एका शब्दावर. मी मनातल्या मनात ओरडत होते, म्हणा हो, पाचवी म्हणा!

"साहेब, आजच्या दिवस पहिली."

"काय?"

"एरवी वेगळी आहे, साहेब. ती आज तोंडातून निघत नाही. वडिलांची तिथी आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. छपराकडं पाहिलं. "केव्हापासून ठेवलंय?"

"बराच वेळ झाला. इथं कावळा नसतोच, साहेब. मोठा असतो."

"मोठा म्हणजे?"

"पहिल्या अनुसूचीतला. इथं त्याचं नाव घेत नाहीत."

मला वाटलं, संपलं. कावळ्याचा दर्जा सांगत नाही, वाघाचं नाव घेत नाही, असल्या माणसाला कोण पास करणार? साहेब खुर्ची मागे सरकवून उठले आणि व्हरांड्याच्या कठड्याशी येऊन उभे राहिले. हेही त्यांच्या मागे. सगळे पानाकडं पाहत होते आणि पानावरच्या खिरीवर माशी बसत होती.

रत्नमालाबाई माझ्याजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "वहिनी, आमी मानत नाई हे. पन तुमच्यात काहीतरी बोलते ना अशा टायमाले? मानसाची इच्छा राह्यली असन ते?"

बोलतात. गेलेल्याच्या मनात काय अडकलंय ते ओळखायचं आणि 'आम्ही करू' म्हणून शब्द द्यायचा. मामंजींच्या मनात काय होतं ते साऱ्या गावाला माहीत होतं. त्यांनी वाटेत भेटेल त्याला सांगितलं होतं.

मी छपराकडं हात जोडले. "मामंजी, मंगला शिकेल. हे पास झाले तरी शिकेल."

पान तसंच. झाडावर पान हललं नाही.

"हे नापास झाले तरी शिकेल."

काही नाही. साहेब ऐकतायत, हे ऐकतायत, चौकीदार ऐकतोय. आणि शेजारी रत्नमालाबाई, हातात वड्यांचं ताट घेऊन.

"सावलीला, रत्नमालाबाईंच्या बहिणीकडं राहील," मी म्हटलं. "त्यांच्या घरी जेवेल, त्यांच्या घरी निजेल. पण मॅट्रिक होईल."

पंखांचा आवाज आधी आला. कुठून आला, कोणत्या झाडावर होता, जमनाबाईंनाही सांगता आलं नाही. काळाभोर, एकटाच. छपरावर उतरला, मान वाकडी करून आमच्याकडं पाहिलं, आणि सरळ खिरीत चोच घातली.

रत्नमालाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग तो धूर होता असं म्हणाल्या. कावळ्यानं वडा उचलला, पान उलटंपालटं केलं आणि उडून गेला.

साहेब टेबलाशी परत गेले. बसले. पेनचं टोपण काढलं.

"हं. आता सांगा. कावळा. दर्जा?"

ह्यांनी एकदा छपराकडं पाहिलं. पान रिकामं होतं.

"आता पाचवी, साहेब!"

"बरोबर," साहेब म्हणाले.